दगडावर कोणाचे नाव?

गेल्या उपवासकाळात आम्ही तिघे भावंडे हिंगोलीला एकत्र जमलो होतो. ताई आणि भावोजी गेली अनेक वर्षे तेथे शिक्षक आहेत. बाबांच्या वर्षाची मिस्सा गावी झाली, आणि चार दिवस निवांत मिळावेत म्हणून आम्ही दोघे भाऊ ताईकडे गेलो. थोरल्याच्या खिशात गावाहून आलेले एक पत्र होते. आमच्या धर्मग्रामातील दफनभूमीची जुनी दगडी भिंत दोन ठिकाणी खचली आहे, तिच्या दुरुस्तीसाठी सढळ हाताने साहाय्य करावे, देणगीदारांची नावे संगमरवरी फलकावर कोरण्यात येतील आणि ठरावीक रकमेहून अधिक देणाऱ्यांची नावे मोठ्या अक्षरांत येतील, असा त्यातील मजकूर होता.

पत्रात वावगे असे काही नव्हते. असे फलक आपल्या बहुतेक धर्मग्रामांत आढळतात. बाकांच्या पाठीवर, घंटेच्या मनोऱ्याखाली, पुतळ्याच्या चौथऱ्यावर आपण ती नावे लहानपणापासून वाचत आलो आहोत. परंतु ही भिंत आमच्या बाबांनी बांधली होती. बाबा गवंडी होते. ऐन तारुण्यात दहा-बारा जणांच्या टोळीबरोबर त्यांनी दोन उन्हाळे खपून ती उभी केली होती. दर वर्षी २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आम्ही आजा-आजीच्या थडग्यावर फुले ठेवीत असू तेव्हा बाबा आधी भिंतीकडे जात. एखाद्या सांध्यावरून तळहात फिरवीत आणि मगच मेणबत्ती लावायला येत. त्या भिंतीवर त्यांचे नाव कोठेही नाही. आता पैसे भरून ते कोरून घ्यावे काय? आणि कोरायचे, तर ज्याने भिंत बांधली त्याचे नाव देणगीदारांच्या यादीत घालायचे काय?

हा प्रश्न घेऊन आम्ही चार दिवस प्रवास केला. प्रवास डोंगरातली लेणी पाहण्यासाठी आखलेला होता. प्रश्न मात्र आमच्याबरोबर गाडीत बसूनच आला.

पहिल्या संध्याकाळी भावोजींनी आम्हांला नरसीला नेले. कयाधूच्या काठचे हे गाव संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणून परंपरेने मानले जाते. हिंगोली जिल्हा परभणीपासून वेगळा झाला तो १९९९ साली. पण नामदेवांचे नाव या मातीत सातशे वर्षे नांदते आहे, आणि गुरू ग्रंथ साहिबात त्यांची ६१ पदे असल्याने पंजाबातील भाविकही येथे येतात. एवढ्या कीर्तीच्या या पुरुषाने स्वतःसाठी काय मागितले? पंढरपूरच्या महाद्वारातील पहिली पायरी. वारकऱ्यांच्या पायांची धूळ आपल्या अंगावर पडावी म्हणून ते त्या पायरीखाली विसावले, अशी श्रद्धा आहे. शिखराकडे बोट न दाखवता त्यांनी पायरीकडे दाखवले.

“झाले तर मग,” आमच्यातील धाकटा म्हणाला, “बाबाही असेच होते. नावाची हाव त्यांना कधी नव्हती. पैसे निनावी देऊ या आणि विषय संपवू या.” आम्हां सर्वांना ते पटले. राखेचा बुधवार होऊन दोनच आठवडे झाले होते. आपण माती आहोत, हे कपाळावर लावून घेतल्यावर संगमरवरावरच्या अक्षरांचा मोह धरणे बरे दिसत नव्हते. त्या रात्री आम्ही समाधानाने झोपलो.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही निघालो. हिंगोलीपासून वेरूळपर्यंतचा रस्ता अडीचशे किलोमीटरांच्या आसपास भरतो. शेतांत हळदीची काढणी चालू होती. कढईतून उकडून काढलेल्या हळदीचा उग्र, ओलसर वास रस्त्यावर येत होता. माळरानावरचे पळस पाने टाकून केशरी फुलांनी पेटलेले होते. औंढा येथे नागनाथाच्या दर्शनाला रांग लागली होती. आम्ही मंदिराला बाहेरून सावकाश फेरी घातली. यादवकाळातील हे काळ्या दगडाचे मंदिर बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक मानले जाते. नामदेव कीर्तनासाठी मागल्या बाजूस गेले तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही आख्यायिका येथलीच. खालचा भाग मूर्तींनी दाटलेला आहे, तर वरचे पांढरे शिखर मागाहून, अहिल्याबाई होळकरांच्या काळात उभे राहिले असे सांगतात. काही मूर्तींचे चेहरे फुटलेले आहेत. परंतु ज्या हाताने एखाद्या दगडी स्त्रीच्या वस्त्राची चुणी न चुणी वेगळी केली, त्या हाताची ओळख फुटलेल्या चेहऱ्यांइतकीही उरलेली नाही.

एका कोनाड्यात कोणी खिळ्याने बदाम कोरून आत दोन नावे लिहिली होती. भावोजी हसून म्हणाले, “आठशे वर्षांपूर्वीच्या कारागिराचे नाव सापडत नाही, आणि हे महाशय मात्र अमर झाले.” आम्ही हसलो खरे, पण रात्रीच्या समाधानाला तेथे पहिला तडा गेला.

जिंतूरजवळ नेमगिरीची टेकडी लागते. तिच्या पोटात जैन लेणी आहेत. वेळेअभावी आम्ही लांबूनच हात जोडले. पुढे मंठा आणि जालना मागे टाकून संध्याकाळी छत्रपती संभाजीनगरात मुक्काम केला. सकाळी वेरूळच्या वाटेवर देवगिरीचा किल्ला दिसला. त्याचा कडा निसर्गाने तसा घडवलेला नाही. शत्रूला चढता येऊ नये म्हणून माणसांनी तो तासून उभा सरळ केला आहे आणि भोवती खडकातच खंदक खोदला आहे. किती माणसांनी, किती वर्षे? किल्ल्याच्या राजांची यादी आम्हांला शाळेत पाठ होती. या प्रश्नाचे उत्तर कोणी विचारलेही नव्हते.

मग वेरूळ. येथे एकाच डोंगरकड्यात बौद्धांची १२, हिंदूंची १७ आणि जैनांची ५ लेणी शेजारी शेजारी नांदत आहेत. १९८३ साली त्यांची जागतिक वारसा म्हणून नोंद झाली. सोळाव्या क्रमांकाचे कैलास पाहताना ‘लेणे’ हा शब्दच अपुरा वाटतो. ते दगडावर दगड रचून बांधलेले नाही. आधी डोंगरमाथ्यावरून तीन बाजूंनी खोल चर पाडले, मधला अखंड खडक मोकळा केला आणि मग शिखरापासून पायथ्यापर्यंत, वरून खाली, देऊळ कोरत आणले. अंगण सुमारे २७६ फूट लांब आणि १५४ फूट रुंद आहे. मागचा कडा १०७ फुटांच्या आसपास उंच आहे. दोन लाख टनांच्या घरात दगड खोदून बाहेर काढला असावा, असा एक अंदाज नेहमी दिला जातो. बांधकामात चूक झाली तर गवंडी थर उतरवतो आणि पुन्हा लावतो. येथे एकदा उडालेली कपची परत बसवण्याची सोय नव्हती. त्या कड्यावर टाकीचे ओरखडे अजून दिसतात. धाकट्याने नकळत त्यांवरून तळहात फिरवला. आम्ही तिघांनीही एकमेकांकडे पाहिले. तो हात बाबांचा होता.

हे सारे घडले आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या राजवटीत. त्याचा उल्लेख कर्क नावाच्या पुढच्या राष्ट्रकूटाने सुमारे ८१२ साली दिलेल्या, बडोद्यास सापडलेल्या ताम्रपटात आहे. त्यातील आशय मोठा हृदयंगम आहे. आकाशमार्गाने जाणारे देव हे मंदिर पाहून थक्क होतात. इतकेच काय, ते घडवणारा शिल्पीसुद्धा आपल्याच हातून हे कसे घडले म्हणून विस्मित होतो, पुन्हा असे काही साधेल अशी उमेद त्याला उरत नाही. राजाचे नाव त्या तांब्यावर आहे. शिल्प्याचा विस्मयही आहे. शिल्प्याचे नाव मात्र नाही. एका जुन्या मराठी कथेत ते कोकस असे दिले आहे. शिखर पाहिल्याशिवाय अन्न घेणार नाही, असा पण राणीने केला, तेव्हा पैठणच्या या कोकसाने वरूनच खोदायला घेऊन आधी शिखर दाखवले, अशी ती कथा. राज्याच्या लेखाने जे नाव गाळले ते लोकांच्या कथेने पुरवले. पण तेही एकाचेच. त्याच डोंगरात जैन लेण्यांच्या वरच्या अंगाला पार्श्वनाथाची भव्य मूर्ती आहे. १२३४ सालच्या सुमाराच्या तिच्या लेखात ती करवून घेणाऱ्या चक्रेश्वर या दात्याचे नाव वाचता येते. कोरणाऱ्याचे येथेही नाही.

दुपारी झाडाखाली डबा उघडताना धाकटा पुन्हा म्हणाला, “हेच खरे मोठेपण. इतके केले आणि नाव ठेवले नाही.”

ताई इतका वेळ गप्प होती. ती म्हणाली, “त्यांनी नाव ठेवले नाही, की त्यांना कोणी विचारले नाही? बाबांना तरी कोणी विचारले होते काय?”

आमच्यापैकी कोणापाशीही उत्तर नव्हते. बाबांना कोणी विचारले नव्हते. आम्हीही नाही. त्यांच्या मौनाला आम्ही नम्रता हे नाव दिले होते, आणि ते देताना आम्हांला फार बरे वाटले होते.

वाचकहो, हाच तो प्रश्न आहे, आणि तो आमच्या एका कुटुंबापुरता नाही. नाव नसणे दोन प्रकारचे असते. ज्याच्या हाती लेखणी आहे, ज्याने मागितले तर मोठ्या अक्षरांत नाव कोरले जाईल, त्याने ते कोरू न देणे ही नम्रता होय. नामदेव शिखर मागू शकले असते, म्हणून त्यांनी मागितलेल्या पायरीला मोल आहे. परंतु ज्याला कोणी विचारलेच नाही, त्याचे निनावी राहणे हा त्याचा गुण ठरत नाही. ते त्याच्याकडून काढून घेतलेले काहीतरी असते. त्याला सद्गुणाचा मुलामा देणे म्हणजे घेणाऱ्याने आपल्या सदसद्विवेकबुद्धीला झोपवणे होय. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. त्या म्हणीत दगडाच्या सोसण्याचे कौतुक आहे. टाकी धरणाऱ्या हाताला पडलेल्या घट्ट्यांचा त्यात उल्लेख नाही.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, ही प्रभूची शिकवण आम्हांला पाठ आहे. पण ती कोणाला उद्देशून आहे? दान देणाऱ्याला. मजुराला प्रभूने असे कोठे सांगितले नाही. मजुराविषयी याकोबाच्या पत्रात वेगळेच वाचायला मिळते. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी जाते. बाबांची मजुरी कोणी अडकवली नव्हती, ती दर शनिवारी हाती पडत होती. परंतु नाव हादेखील मजुरीचाच एक अंश असेल तर? आणि निर्गमाच्या ग्रंथात निवासमंडप उभारायची वेळ येते तेव्हा परमेश्वर मोशेला कारागिराचे नाव घेऊन सांगतो: यहूदाच्या वंशातील, हूराचा नातू, उरीचा मुलगा बसालेल. त्याच्या जोडीला दानाच्या वंशातील अहलियाब. रत्ने जडवणारा, लाकूड कोरणारा हात कोणाचा, हे देव तीन पिढ्यांसह नोंदवतो. याउलट अबशालोमाने आपले नाव चालवायला मुलगा नाही म्हणून जिवंतपणीच स्वतःसाठी स्तंभ उभारला. त्याचा शेवट मात्र रानातील एका खड्ड्यात, दगडांच्या राशीखाली झाला. नाव कोरणे पाप आहे की पुण्य, असा प्रश्नच मुळी अपुरा आहे. कोण कोणाचे नाव कोरतो, यावर सारे अवलंबून आहे. स्वतःचे कोरणे हा मोह ठरू शकतो. दुसऱ्याचे, विशेषतः ज्याचे राहून गेले त्याचे, कोरणे हे ऋण फेडणे असते.

“पण देव तर सारे जाणतो,” धाकट्याने शेवटचा बचाव केला. देव जाणतो, हे खरेच. ज्याला विसरले गेले त्याच्या मुखी ही श्रद्धा शोभते. विसरणाऱ्यांनी तिचा आधार घेणे बरे नव्हे.

जगात ही चूक सुधारल्याचे एक उदाहरणही आहे. अमेरिकेत रशमोर नावाच्या डोंगरात चार राष्ट्राध्यक्षांचे साठ-साठ फुटी चेहरे कोरले आहेत. १९२७ ते १९४१ या काळात सुमारे ४०० कामगार दोरांना लोंबकळत, सुरुंग लावत ते काम करीत होते. डोंगर ज्या लाकोटा लोकांना पवित्र होता त्यांचे दुःख तेथे अजून निवलेले नाही. पण त्या कामगारांच्या नावांची यादी तरी आज तेथे वाचायला मिळते. आपल्याकडेही डोंगर कोरण्याचे युग संपलेले नाही. नाशिक जिल्ह्यात मांगी-तुंगी येथे ऋषभदेवांची १०८ फूट उंचीची अखंड मूर्ती डोंगरात कोरून २०१६ साली तिची प्रतिष्ठा झाली. यंत्रे आली तरी ती चालवणारी, धुळीत श्वास घेणारी माणसेच असतात.

परतीच्या वाटेवर जिंतूरच्या पुढे अंधार पडला. भावोजींनी नामदेवांची दुसरी गोष्ट सांगितली. ती आम्हांला ठाऊक होती, पण या अंगाने कधी ऐकली नव्हती. मंगळवेढ्यास गावकुसाची भिंत बांधण्याच्या कामावर संत चोखामेळा होते. ज्या देवाचे ते भक्त, त्याच्या देवळात पाऊल ठेवण्याची त्यांना मुभा नव्हती. भिंतीवर राबायला मात्र ते चालत होते. १३३८ साली ती भिंत कोसळली आणि मजूर तिच्याखाली गाडले गेले. त्यांचे सांगाडे एकमेकांत मिसळून गेले तेव्हा नामदेव तेथे गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनामाचा ध्वनी येतो ती चोखोबांची, अशी त्यांनी ओळख पटवली आणि ती पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी दिली. ज्याने स्वतःसाठी पायरी मागितली, त्याने भिंतीखालच्या मजुराला नाव मिळवून दिले. नरसीच्या संध्याकाळी आम्ही गोष्टीचा अर्धाच भाग घेऊन निघालो होतो.

गाडीत बराच वेळ कोणी बोलले नाही. मग थोरल्याने एक गोष्ट कबूल केली, आणि ती आम्हां सर्वांचीच होती. फलकावर बाबांचे नाव मोठ्या अक्षरांत यावे असे त्याला वाटले होते, कारण त्याखालचे आडनाव आमचे होते. आणि समजा, बाबांचे एकट्याचे नाव कोरले, तर उरलेल्या दहा जणांवर जो अन्याय झाला तोच आम्ही पुन्हा करणार नव्हतो काय?

गावी परतल्यावर आम्ही धर्मगुरूंना पत्र लिहिले. आमची देणगी निनावी घ्यावी, आणि जमल्यास दुरुस्त भिंतीच्या एखाद्या साध्या दगडावर ती मूळ बांधणाऱ्यांची नावे असावीत, अशी विनंती केली. धर्मगुरू म्हणाले, “नावे आणा.” तेव्हा कळले की आम्हांला चारच नावे ठाऊक आहेत. बाबांच्या टोळीतील एक वृद्ध गृहस्थ अजून हयात आहेत. त्यांनी डोळे मिटून बोटांवर मोजत अकरा नावे सांगितली. त्यांतील तिघे आपल्या धर्माचे नव्हते. त्यांची नावे दफनभूमीच्या भिंतीवर चालतील काय, असे त्यांनीच आम्हांला बिचकत विचारले. आम्ही त्यांना वेरूळच्या डोंगराविषयी सांगितले.

यादी घेऊन निघणार तोच ताईने फोनवर विचारले, “आणि चुना कोण कालवत होते? पाणी कोण वाहत होते?” आम्ही पुन्हा त्या वृद्धांकडे गेलो. “बाया होत्या की, चौघी,” ते म्हणाले. “सकाळपासून घमेली त्याच वाहायच्या.” नावे? त्यांनी खूप आठवून पाहिले. एकीला ते तिच्या नवऱ्याच्या नावाने ओळखत होते, दुसरीला तिच्या गावाच्या नावाने. निर्गमाच्या ज्या अध्यायांत बसालेलाचे नाव तीन पिढ्यांसह आले आहे, तेथेच मंडपासाठी सूत कातणाऱ्या कुशल स्त्रियाही आहेत, हे आम्ही घरी येऊन पाहिले. त्यांची नावे तेथेही नाहीत.

आपल्या चर्चच्या भिंती, शाळेच्या पायऱ्या, विहिरीचे कठडे कोणाच्या हातचे आहेत हे सांगू शकणारी माणसे आता थोडी उरली आहेत. ती आहेत तोवर प्रत्येक घराने त्यांच्यापाशी जाऊन बसावे, एवढेच आमचे मागणे आहे. आमची यादी अजून धर्मगुरूंच्या हाती दिलेली नाही. तिच्यात अकरा नावे आहेत आणि त्यांखाली चार ओळी कोऱ्या ठेवल्या आहेत. गावातील म्हाताऱ्या बायांकडे विचारपूस चालू आहे.